वास कम्मी

चेन्नबसप्पांनी मेणबत्ती पेटवली, नोकराला पंखा बंद करायला सांगितला आणि गल्ल्यामागच्या खुर्चीत डोळे मिटून बसले.

काउंटरच्या अलीकडे तिघी उभ्या होत्या. अहल्या, तिची आठ वर्षांची मुलगी सिद्धी आणि नणंद रूपश्री. जयनगर चौथ्या ब्लॉकमधलं ते भेटवस्तूंचं दुकान नुकतंच उघडलं होतं. चौऱ्याण्णव सालचा नोव्हेंबर होता आणि नाताळचा माल भरायचे दिवस होते.

मेणबत्ती चंदनाची होती. अशा मेणबत्तीचा वास पेटवल्याबरोबर येत नाही. आधी वातीभोवती वितळलेल्या मेणाचं लहानसं तळं व्हावं लागतं. वास त्या तळ्यातून वर येतो, ज्योतीतून नाही. अहल्येला हे माहीत होतं, म्हणून ती घाई करत नव्हती. फक्त तिचा हात पिशवीचा बंद पिळत होता.

बऱ्याच वेळाने म्हाताऱ्यांनी डोळे उघडले आणि फुंकर घातली. चेहरा आधी होता तसाच गंभीर होता.

"वासने कम्मगिदे, तायी," ते म्हणाले. "हीगे इरली."

कन्नडमध्ये कम्मगे म्हणजे सुवासिक. घरी कढवलेल्या तुपाला, मोगऱ्याच्या गजऱ्याला जुनी माणसं हा शब्द वापरतात. आणि कम्मी म्हणजे कमी. म्हातारे म्हणाले होते, वास छान आहे, बाई, असाच राहू द्या. अहल्येने ऐकलं, वास कम्मी आहे.

तिने तेच ऐकावं याला कारण होतं. बसवनगुडीत तिच्या सासरच्यांच्या तीन पिढ्या झाल्या होत्या आणि त्यांच्या मराठीत अर्धे शब्द कन्नड होते. संगमनेरहून लग्न होऊन आल्यावर अहल्या त्यातला पहिला शब्द शिकली तो हाच. मीठ कम्मी. ताकाला आंबटपणा कम्मी. अहल्येच्या माहेरच्यांना रीतभात स्वल्प कम्मी. रोज कानावर पडणारा शब्द माणूस पुरता न ऐकताच ओळखतो.

नऊ वर्षांत तिला कन्नड यायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. तिने सुरुवात केलीही होती. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात तिने गवळ्याला सांगितलं, आमच्या घरी दूध. दूध म्हणजे हालु. तिच्या मराठी जिभेने त्याचं हाळु केलं, आणि हाळु म्हणजे सत्यानाश. आमच्या घराचा सत्यानाश, असं नवी सून दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली. गवळी हसला, सासू सुनंदाबाई हसल्या, रूपश्री तर ओट्यावर बसून हसली. ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली गेली, बारशाला सांगितली गेली, अहल्येच्या भावालाही तो माहेरपणाला न्यायला आला तेव्हा सांगितली गेली. त्यानंतर अहल्या बाहेर बोलेनाशी झाली. ती फक्त शब्द वेचायची.

"कमी आहे म्हणाले ना, रूपक्का?" दुकानातच तिने नणंदेला हळूच विचारलं.

रूपश्री चेन्नबसप्पांशी बोलून चारशे मेणबत्त्यांची मागणी आणि बारा डिसेंबरची तारीख वहीत लिहून घेत होती. तिने मान वर केली. ती उत्तम कन्नड बोलायची, तिच्या कानांत काही चूक नव्हती. क्षणभर ती अहल्येकडे बघत राहिली.

"तू ऐकलंस ना आपल्या कानांनी," ती म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. परत येताना रिक्षात सिद्धीने तोंड उघडलं, "आई, ते आजोबा तर..." तेव्हा रूपश्रीने तिच्या दंडाला बारीक चिमटा काढला आणि डोळा मारला. सिद्धी आधी दचकली, मग तिला हसू आलं. अहल्या रस्त्याकडे बघत होती. वास वाढवायचा कसा, हे तिच्या डोक्यात सुरू झालं होतं.

त्या चारशे मेणबत्त्यांवर बरंच काही अवलंबून होतं. सुनंदाबाईंची थोरली बहीण, कावेरीमावशी, यशवंतपूरला अंथरुणाला खिळली होती. मुलगा मस्कतला, घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू, आणि कामाला ठेवलेल्या बाया महिनाभरही टिकत नव्हत्या. घरचं कोणीतरी तिथे जाऊन राहायला हवं होतं, आणि तेही किती दिवस ते देवालाच ठाऊक. बसवनगुडीच्या घरात रिकामे हात दोघींचे होते, अहल्येचे आणि छत्तीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या रूपश्रीचे. अहल्येचा नवरा मधुकर विम्याच्या कचेरीत होता. तो म्हणाला होता, अहल्येचं मेणबत्त्यांचं काम खरोखरच उभं राहिलं तर ती इथेच राहील आणि रूपा जाईल. नाही राहिलं तर अहल्या जाईल. सिद्धी मात्र कुठेच जाणार नव्हती, तिची शाळा बसवनगुडीत होती.

म्हणजे अहल्येची लेक तिच्याजवळ राहणार की नाही, हे चंदनाच्या वासावर ठरणार होतं.

मेणबत्त्या ती महिला समाजाच्या तीन आठवड्यांच्या वर्गात शिकली होती. तिथे शिकवलं ते साच्यात मेण ओतण्यापुरतं. वासाचं तिने स्वतः शोधलं. मेण उकळतं असताना अर्क घातला तर वाफेबरोबर उडून जातो आणि सगळं घर दरवळतं, मेणबत्ती कोरडीच राहते. मेण फार निवलं की अर्क त्यात मुरत नाही, तळाशी बसतो. म्हणून पातेलं चुलीवरून उतरवायचं, कडेला साय धरायला लागली की अर्क घालायचा आणि शंभर आकडे मोजेपर्यंत एकाच बाजूने सावकाश ढवळायचं. एक किलो मेणाला अर्काच्या बाटलीची सहा बुचं. वात थोडी जाड, म्हणजे तळं रुंद होतं. आणि मेणबत्त्या झाल्या की लगेच पेटवायच्या नाहीत. लोणच्यासारख्या दहा दिवस बंद डब्यात मुरू द्यायच्या.

वासाची परीक्षा सिद्धी करायची. दिवसभर मागच्या पडवीत मेणाशी बसलेल्या अहल्येचं नाक बधिर व्हायचं; ते कोणाचंही होतं. म्हणून ती न्हाणीघरात मेणबत्ती पेटवून दार लावून ठेवायची आणि शाळेतून मोकळ्या हवेतून आलेल्या सिद्धीला आत पाठवायची. कसा वास घ्यायचा तेही तिने लेकीला शिकवलं होतं. ज्योतीवर नाक न्यायचं नाही. उंबऱ्यावर उभं राहायचं, अर्धाच श्वास घ्यायचा, डोळे मिटायचे आणि पहिल्यांदा काय आठवलं ते सांगायचं. सिद्धी सांगायची, देवघर. सिद्धी सांगायची, गांधीबाजारातलं फुलांचं दुकान. एकदा तिने सांगितलं होतं, आजोबांच्या पेटीतला कोट, आणि अहल्येने तिला उचलून घेतलं होतं. सहा बुचांचं माप त्या दिवशी पक्कं झालं होतं.

जयनगरहून आल्यावर तिने ते माप मोडलं. पहिल्या खेपेला नऊ बुचं घातली.

त्या संध्याकाळी कॉफी घेताना रूपश्रीने आईला सगळी हकीकत सांगितली. अहल्या पडवीत होती. सुनंदाबाईंनी हसू दाबण्यासाठी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने त्यांनी मधुकरला सांगितलं. तो पेपर वाचत होता. त्याने विचारलं की अहल्येला कोणी नीट सांगितलं का.

"सांगायचं कशाला, अण्णा?" रूपश्री म्हणाली. "नऊ वर्षं झाली. अशानेच शिकेल ती."

मधुकरने पान उलटलं. चारशेच तर आहेत, तो म्हणाला, आणि पुढचं वाचू लागला.

सिद्धी पाटावर बसून दूध पीत होती. त्या घरात माणसांचे दोन भाग होते, हसणारे आणि ज्यांना हसायचं ते, आणि आठव्या वर्षीच तिला हे कळलेलं होतं. आत्याने तिला जवळ घेऊन कानात सांगितलं की ही आपली गंमत आहे, आईने विचारलं तर काय म्हणायचं तेही सांगितलं. पहिल्यांदाच कोणीतरी तिला मोठ्यांच्या गमतीत घेतलं होतं. ती खूश झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर अहल्येने तिला न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभं केलं. दार उघडलं तसा चंदनाचा लोटच बाहेर आला. सिद्धीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येतो का गं वास?"

"येतो."

"भरपूर?"

सिद्धीने मागे बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात आत्या शेंगा सोलत बसली होती.

"स्वल्प," सिद्धी म्हणाली.

अहल्येने तिचा चेहरा बघितला नाही. तिने स्वतःच दोनदा श्वास घेऊन बघितला. तिला काहीच कळेना. काय आठवलं, हे विचारायचं ती त्या दिवशी विसरली.

तिने बारा बुचं घातली.

साखर पाण्यात विरघळते, पण एका हद्दीपर्यंतच. पुढे कितीही ढवळा, ती तळाशी दिसतेच. मेणाचंही तसंच आहे. त्याला जेवढा अर्क धरता येतो तेवढाच ते धरतं. उरलेला आत कोंडून राहतो आणि हळूहळू बाहेर येतो, घामासारखा. पण हे लगेच दिसत नाही, त्याला काही दिवस जावे लागतात. बारा बुचांची मेणबत्ती अहल्येने पेटवून बघितली तेव्हा वात जरा तडतडली. वातीला ओल लागली असेल, असं तिला वाटलं. दहा दिवस मुरवून मग पेटवून बघायला वेळ नव्हता. बारा तारीख जवळ आली होती.

ती पहाटे उठून स्वयंपाक उरकायची आणि दिवस मावळेपर्यंत मेणाशी बसायची. घरातल्या तांदळाला वास लागला, पोळीला लागला. सुनंदाबाई डोकं धरून बसू लागल्या आणि तक्रार अशी करू लागल्या की ऐकणाऱ्याला हसू यावं. एका दुपारी त्यांनी पडवीत डोकावून विचारलं, "अजून कम्मीच का गं?" आणि आत जाऊन दोघी मायलेकी हसल्या. अहल्येने ते हसू ऐकलं. तिला वाटलं, हाळुची गोष्ट निघाली असेल.

"अजून थोडा हवा, असं वाटतंय," तिने आतल्या दिशेने उत्तर दिलं.

बारा डिसेंबरला टेम्पोतून माल गेला. त्या दिवशी अहल्येने डोक्यावरून न्हाऊन इस्त्रीची साडी नेसली आणि सिद्धीला शाळेतून आणायला स्वतः गेली. वाटेत तिने लेकीला सांगितलं की आता आपल्याला कुठे जावं लागणार नाही. सिद्धीने विचारलं, म्हणजे आत्या जाणार? अहल्या हो म्हणाली. सिद्धी घरापर्यंत पायाने एक खडा ढकलत चालली.

अठरा तारखेला तोच टेम्पो परत आला. माणसाने एकेक खोकं दारात उतरवलं. खोक्यांचे तळ तेलकट होऊन काळे पडले होते. अहल्येने वरचं खोकं उघडलं. मेणबत्त्यांवर पिवळसर थेंब उभे होते, वेष्टणाचा कागद त्यांना चिकटून फाटला होता, आणि बोट लावलं तिथे मेण लोण्यासारखं दबलं. टेम्पोवाला कन्नडमध्ये काहीतरी सांगून गेला. सुनंदाबाईंनी त्याचा अर्थ सांगितला. एका गिऱ्हाइकाने मेणबत्ती लावली तर तिचा एवढा धूर झाला की त्याच्या नव्या घराचं छत काळं पडलं.

अहल्येला चेन्नबसप्पांना भेटायचं होतं. तिने रूपश्रीला चल म्हटलं. मी आता कोणत्या तोंडाने यायचं, असं रूपश्री म्हणाली आणि केस विंचरत बसली. मग अहल्या सिद्धीला घेऊन निघाली. त्यांचं बोलणं समजावून सांगायला कोणीतरी हवं होतं.

दुकानात गर्दी होती. म्हाताऱ्यांनी दोघींना आत, माल ठेवायच्या खोलीत नेलं. ते रागावलेले नव्हते. त्यांना कोडं पडलं होतं. त्यांनी फळीवरून एक अर्धी जळलेली मेणबत्ती काढली. ती पहिल्या नमुन्यातली होती, त्यांनी घरच्या देवापुढे लावायला ठेवून घेतलेली. ती त्यांनी अहल्येपुढे धरली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. बोलता बोलता दोनदा कपाळाला हात लावला.

"काय म्हणतात गं?" अहल्येने विचारलं.

सिद्धी फरशीकडे बघत होती. "ते म्हणतात, ही चांगली होती. कम्मगे होती. मी सांगितलं होतं की अशीच ठेवा. मग तुम्ही का बदललीत?"

"कम्मी म्हणाले होते ते."

"कम्मी नाही, आई. कम्मगे. कम्मगे म्हणजे चांगला वास."

अहल्येने तो शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला. मग तिने लेकीकडे नीट बघितलं. सिद्धीला अर्थ लगेच सांगता आला होता. तिला आठवावं लागलं नव्हतं, नवलही वाटलं नव्हतं.

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

सिद्धीने होकारार्थी मान हलवली.

"आणि न्हाणीघरात? वास येत होता?"

"डोळे झोंबत होते," सिद्धी म्हणाली. "आत्या म्हणाली, स्वल्प म्हणायचं. गंमत आहे म्हणाली. आजीला माहीत होतं. बाबांना पण माहीत होतं." ती रडायला लागली. "मला वाटलं, नंतर सगळे सांगतील."

चेन्नबसप्पांना मराठी येत नव्हती. मूल का रडतंय ते त्यांना कळेना. त्यांनी बरणीतून एक चॉकलेट काढून तिच्या हातात ठेवलं आणि अहल्येपुढे दोन्ही हात जोडले. पुन्हा माल घेणार नाही, हे सांगायला त्यांना दुभाषी लागला नाही.

घरी आल्यावर अहल्या कोणाशी भांडली नाही. मधुकरने आपणहून विषय काढला. तूसुद्धा एकदा विचारून खात्री करायला हवी होती, असं तो म्हणाला. सुनंदाबाई म्हणाल्या की थट्टेत एवढं होईल असं कोणाला वाटलं होतं, आणि झालं ते झालं, आता कावेरीकडे कधी जायचं ते ठरवा. रूपश्री म्हणाली, यशवंतपूर काय परदेश आहे का, इथून बस आहे.

दोन जानेवारीला अहल्या गेली. निघताना सिद्धी शाळेत होती. सुनंदाबाईंनी तशीच वेळ निवडली होती, उगाच रडारड नको म्हणून.

कावेरीमावशींचं घर रेल्वे यार्डाच्या बाजूला होतं आणि दिवसभर मालगाड्यांच्या वाघिणी जोडल्याचे धक्के ऐकू यायचे. मावशींचं अंग उजव्या बाजूने गेलं होतं. त्यांना पूर्वी मराठी येत असे, माहेरी त्या मराठीच बोलायच्या. पण झटका आला त्यात ती गेली आणि गल्लीत, बाजारात बोलायची कन्नड तेवढी उरली. अहल्येला त्यांची जखमांनी भरलेली पाठ पुसावी लागे, चादरी बदलाव्या लागत, घास भरवावा लागे. मावशी तिच्यावर ओरडायच्या, हात उचलता आला तर मारायच्या. मग थकल्या की शब्द सांगायच्या. पाणी, चमचा, कूस, दुखतंय. अहल्या तो शब्द म्हणायची. चुकला तर मावशी हसायच्या नाहीत. चेहऱ्याची उजवी बाजू हलत नसल्यामुळे त्यांना हसताच यायचं नाही. त्या पुन्हा सांगायच्या.

अहल्या शिकली. मोठ्या माणसाशी जसं बोलायचं तसंच ती शिकली, कारण त्या घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं. घ्या, तगोळ्ळी. प्या, कुडीरी. वरच्या भाडेकरीणबाईशीही ती असंच बोलायची आणि तिला वाटायचं की आपल्याला आता येतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रूपश्री सिद्धीला घेऊन आली. आधी दोन रविवार काही ना काही निघालं होतं. सिद्धीची उंची वाढल्यासारखी वाटत होती. केसांना नवी रिबन होती, ती आत्याने बांधलेली दिसत होती, कारण गाठ डावीकडे होती; अहल्या ती उजवीकडे बांधायची. ती दाराशी थबकली. खोलीत औषधांचा, फिनेलचा आणि अंथरुणाचा वास होता.

अहल्या मावशींचं तोंड पुसत होती. तिने पंचा खाली ठेवला, हात धुतले, पदराला पुसले आणि दाराशी आली.

"बन्नी," ती सिद्धीला म्हणाली. या. "कूतकोळ्ळी." बसा.

रूपश्रीने आधी सिद्धीकडे आणि मग भावजयीकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. "अगं वहिनी, पोटच्या पोरीला कोणी बन्नी म्हणतं का? तिला बा म्हणायचं, बा."

"सरी," अहल्या म्हणाली. बरं. तिने खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून बाजूला ठेवले आणि खुर्ची पुढे ओढली. "कूतकोळ्ळी," ती पुन्हा म्हणाली, शब्द अगदी स्पष्ट आणि बरोबर.

आत्याने सिद्धीकडे बघून डोळा मारला. सिद्धी हसली नाही. तिने चपला बाहेर काढून जोडीने लावल्या, आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. अहल्येने पाणी आणलं तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.